तीन मिनिटांचा उशीर

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी सकाळी ड्रेनच्या पिशवीतलं पाणी मळकट तपकिरी झालं होतं आणि त्याला वास येत होता. काकांची नाडी १२० वर गेली होती. आतड्याचा जोड लीक झाला हे सीटी स्कॅनआधीच कळलं. संध्याकाळी पुन्हा पोट उघडलं, तेव्हा वरून आणून जोडलेल्या आतड्याची कड एका बाजूला काळी पडलेली दिसली. जोड काढला, पोट धुतलं, आतड्याचं तोंड पोटावर आणून पिशवी लावली.

काका ऊसवाले शेतकरी, आजार गुदाशयाचा कॅन्सर. त्याच्या ऑपरेशनमध्ये त्या भागाची मुख्य रोहिणी बांधावी लागते. मग खाली ओढलेलं आतड्याचं टोक कडेकडेने येणाऱ्या एका बारीक रक्तवाहिनीच्या भरवशावर जगतं. ते जगेल का, हे पूर्वी आम्ही आतड्याच्या रंगावरून आणि कापलेल्या कडेतून कसं रक्त येतं त्यावरून ठरवायचो. आता आयसीजी आहे. इंडोसायनिन ग्रीन हे द्रव्य शिरेतून दिलं की रक्तातल्या प्रथिनांना चिकटतं आणि अवरक्त प्रकाशात चमकतं. डोळ्यांना ती चमक दिसत नाही, खास कॅमेऱ्याला दिसते. रक्त पोचेल तिथे पडद्यावर हिरवं.

पहिल्या ऑपरेशनच्या दिवशी भूलतज्ज्ञ मॅडमनी हे औषध दिलं आणि नेमकी तेव्हाच दुर्बिणीची काच धुरकटली. गरम पाण्यात बुडवली, पुसली, पुन्हा आत घातली. चित्र आलं तेव्हा सगळं आतडं हिरवंगार. कड जरा फिकी वाटली म्हणून कॅमेरा जवळ नेला, तशी तीही उजळली. कॅमेरा जवळ नेला की काहीही उजळच दिसतं, हे मला ठाऊक होतं. ''छान आहे, स्टेपलर द्या,'' मी म्हणालो.

मॅडम म्हणाल्या, ''सर, औषध उरलंय. थोडं थांबून पुन्हा देऊ या का?''

यकृत हा रंग काही मिनिटांत रक्तातून काढून पित्तात सोडतं, पण आधीची चमक ओसरेपर्यंत दुसरा डोस फारसं काही सांगत नाही. साधारण पंधरा मिनिटं थांबावं लागलं असतं. माझी पुढची केस बाहेर ट्रॉलीवर होती. मी नको म्हणालो. खरं तर कड कापताना आलेलं रक्त संथ आणि काळसर होतं, ते मी पाहिलं होतं. पडद्यावरच्या हिरव्यापुढे त्याला किंमत दिली नाही.

लीकनंतर व्हिडिओ काढून पाहिला. भुलीच्या चार्टवर औषध दिल्याची वेळ १२.४१. व्हिडिओतली पहिली हिरवी फ्रेम १२.४४. चांगला रक्तपुरवठा असलेलं आतडं पहिल्या मिनिटभरातच उजळतं. उपाशी कड मागे पडते, पण आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून रंग झिरपत झिरपत दोन-तीन मिनिटांत तिथेही पोचतो. मग जिवंत आणि मरू घातलेलं आतडं एकाच रंगाचं दिसतं. किती हिरवं यापेक्षा कधी हिरवं झालं हे बघायचं असतं, आणि तो ‘कधी’ मी काच पुसण्यात घालवला होता.

यानंतर जे केलं ते मला जास्त टोचतं. विभागाच्या बैठकीत मी अमेरिकेतल्या पिलर-३ या चाचणीचा आधार घेतला. आयसीजी वापरलेल्या आणि न वापरलेल्या अशा दोन्ही गटांत लीकचं प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास राहिलं होतं. म्हणजे असं कोणाचंही होऊ शकतं, असा माझा सूर होता. पुरेसे रुग्ण मिळेनात म्हणून ती चाचणी मुदतीआधीच थांबवली होती, हे मी सांगितलं नाही. १२.४१ आणि १२.४४ हे आकडेही सांगितले नाहीत. मॅडम समोरच बसल्या होत्या, काही बोलल्या नाहीत. काकूंना तर मी सांगून मोकळा झालो होतो की कॅमेऱ्यानेही सगळं चांगलं दाखवलं होतं, कधीकधी शरीरच साथ देत नाही.

आता आमच्याकडे कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर आल्याशिवाय औषध दिलं जात नाही आणि सिस्टर मोठ्याने सेकंद मोजतात. हा नियम मॅडमनी घातला. पुढच्या बैठकीत मी चार्ट आणि व्हिडिओ शेजारी शेजारी लावून दाखवले. काका-काकूंना सांगायला मात्र तीन महिने लागले. पिशवी बदलायला ते ओपीडीत आले होते. मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं: काच, वेळ, काळसर रक्त, मॅडमचा प्रश्न, बाहेरची ट्रॉली. काका पिशवीवर हात ठेवून ऐकत राहिले.

काकूंनी विचारलं, ''पंधराच मिनिटं ना, डॉक्टरसाहेब?''

''हो.''

''आम्ही सकाळपास्नं बाहेर बाकड्यावरच होतो. अजून पंधरा मिनिटं बसलो असतो की.''