सांध्यावर सांधा नको

विटा उतरल्या की जाणता गवंडी आधी दोन विटा एकमेकींवर आपटून बघतो. खणखणीत वाजली तर वीट पक्की भाजलेली, बद्द वाजली तर कच्ची. मग नखाने ओरखडतो. चांगल्या विटेवर ओरखडा उठत नाही.

*

कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते. सिमेंटला धरायला पाणीच उरत नाही आणि सांधा भुसभुशीत होतो. तीन किलोची चांगली वीटसुद्धा सहज अर्धा लिटरभर पाणी पिऊ शकते. वरून पाइप फिरवून हे होत नाही. हौदात बुडवायची आणि बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायची.

*

प्रमाण वीट 230 × 110 × 70 मिलिमीटरची. 110 अधिक 110 अधिक मधला 10चा सांधा, बेरीज बरोबर 230. दोन रुंद्या मिळून एक लांबी होते, म्हणूनच वीट कधी उभी, कधी आडवी लावली तरी भिंत एका जाडीची राहते. हडप्पा, मोहेंजोदडोच्या भाजक्या विटांतही उंची, रुंदी, लांबीचं प्रमाण 1:2:4 सापडतं.

*

नऊ इंची भिंतीत इंग्लिश बाँड: एका थरात विटा भिंतीच्या लांबीत, शेजारी शेजारी दोन. पुढच्या थरात भिंतीच्या जाडीत, आरपार. कोपऱ्यावरच्या आडव्या विटेला लागून पाव विटेचा उभा तुकडा घालावा लागतो, तेव्हा कुठे वरचे सांधे सरकतात. तो तुकडा थापीच्या कडेने तासून काढावा लागतो. तेवढा कंटाळा केला की सांध्यावर सांधा येतो, आणि पुढे पाया जरा खचला की चीर त्याच वाटेने सरळ वर चढते.

*

30 सप्टेंबर 1993ची पहाट, किल्लारी. तिथल्या जुन्या घरांच्या भिंती दोन-दोन फूट जाड होत्या, पण दगड मातीत रचलेले. बाहेरचा पदर वेगळा, आतला वेगळा, मध्ये भर. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड फारसे नव्हतेच. भूकंपाचा हादरा बसला तसे पदर सुटले आणि माळवदाची माती माणसांवर आली. आडवी वीट काय काम करते हे मला त्या भिंतींनी शिकवलं. जाडीने भिंत उभी राहत नाही, बांधणीने राहते.

*

आधी कोपरे चढवायचे, मग दोन कोपऱ्यांत लाईनदोरी ताणायची. वीट दोरीला चिकटू द्यायची नाही. चिकटली की दोरी ढकलली जाते आणि सगळी ओळ बाहेर जाते.

ओळंब्याचा गट्टू आणि खालचा लंगर एकाच मापाचे असतात. गट्टू वर भिंतीला टेकवायचा आणि लंगराचं डोलणं थांबेपर्यंत हात स्थिर ठेवायचा. लंगर भिंतीला जेमतेम शिवला तर काम ओळंब्यात. मध्ये फट दिसली तर भिंत वर बाहेर झुकतेय. लंगर भिंतीवर रेलला तर ती वर आत झुकतेय. माल ओला आहे तोवर थापीच्या मुठीने दोन ठोके पुरतात.

*

विटेची खाच वर ठेवायची, म्हणजे ती मालाने भरते. खाली ठेवली तर आत पोकळी राहते.

*

एका दिवसात मीटरभर, फार तर दीड मीटर चढवावं. त्यापेक्षा उंच नेलं तर खालचा ओला माल वरच्या वजनाने दबतो. नंतर किमान सात दिवस पाणी मारायचं, तेही सकाळ-संध्याकाळ, न चुकता.

*

यातलं काहीच प्लास्टरनंतर दिसत नाही. आणि वीटकामाचा दर ठरतो ब्रासवर: भिंत जितकी चढली तितके पैसे. भिजवायला, तासायला, ओळंबा धरायला गेलेला वेळ त्या हिशेबात कुठेच नाही. घर बांधणाऱ्याने हा वेळ मजुरीत धरावा, तसं आधीच बोलून घ्यावं आणि प्लास्टरपूर्वी गवंड्यासोबत प्रत्येक भिंत थर मोजत पाहावी. नीट काम करणाऱ्या गवंड्याला त्याच्या कामाचे पैसे मिळतील, आणि आपल्याला भिंत मिळेल.