मळणी झाली की बेटावर

राब भाजून झाले होते, बियाणे घरात येऊन पडले होते आणि आम्ही मृगाची वाट पाहत ओटीवर बसलो होतो. तेवढ्यात थोरल्याने मोबाइल माझ्यापुढे धरला.

"बाबा, हे बघा. फुकेत! थायलंडचं बेट आहे. चार रात्री, पाच दिवस. जुलैत गेलो तर निम्म्या पैशांत. शिवाय हप्त्यानं पैसे भरायची सोय आहे."

वाचकहो, आमचे गाव भिवंडी तालुक्यातले. मानकोली, वळ, पूर्णा, राहनाळ या बाजूला पूर्वी भाताची खाचरे होती, तिथे आज गोदामांची पत्र्याची छपरे दिसतात. थोरला अशाच एका गोदामात मालाचा हिशेब पाहतो. आमची दीड एकर भातशेती आणि दोन म्हशी एवढे मात्र अजून शिल्लक आहे.

मी म्हटले, "अरे, जुलैत लावणी. आवण काय तुझ्या विमानासाठी थांबणार आहे?"

तो म्हणाला, "मग लावणी उरकल्यावर, ऑगस्टात जाऊ. तेव्हाही स्वस्तच आहे."

आता माल निम्म्या किमतीत मिळू लागला की त्याला कीड लागली आहे का ते आधी पाहावे, ही शेतकऱ्याची सवय. मी विचारले, "स्वस्त का, ते विचारलंस का?" त्याने विचारले नव्हते. सूनबाई कॉलेजात शिकलेली. तिने मोबाइलवर नकाशा काढला आणि घटकाभरात कोडे सुटले.

फुकेत हे थायलंडच्या पश्चिम अंगाला, अंदमानच्या समुद्रात आहे. आपल्या अंदमान-निकोबार बेटांचा जो समुद्र, त्याचाच पूर्वेकडचा काठ. नैर्ऋत्येचा जो वारा आपल्या खाचरात पाणी उतरवतो तोच तिथेही पाऊस आणतो. साधारण मे ते ऑक्टोबर तिथला पावसाळा. त्या दिवसांत समुद्र खवळलेला असतो, किनाऱ्यावर लाल बावटे लावतात आणि बावटा असला की पाण्यात उतरायचे नसते. ५ जुलै २०१८ रोजी फुकेतजवळ वादळात प्रवाशांची एक बोट बुडून ४७ माणसे गेली. म्हणजे जुलैत आपण इथला पाऊस सोडून तिथला पाऊस बघायला जाणार, आणि तोही पैसे मोजून!

सूनबाईने दुसरे एक बेट दाखवले, कोह सामुई. 'कोह' म्हणजे त्यांच्या भाषेत बेट. हे देशाच्या पूर्व अंगाला, थायलंडच्या आखातात आहे. तिथे ऑगस्टात पाऊस बेताचाच असतो. खरा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आपल्या तामिळनाडूसारखा, ईशान्येकडून येणारा. एकाच देशाची दोन बेटे, पण पावसाळे वेगळे. या सामुईची गंमत अशी, की ते ज्या प्रांतात आहे त्याचे नाव सुरत थानी. तिथल्या राजाने १९१५ साली आपल्या गुजरातेतल्या सुरतेवरून हे नाव ठेवले आणि तिथल्या नदीला नाव दिले तापी! खानदेशातली आपली तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, त्या जोडीचीच ही नावे. हे ऐकल्यावर तो मुलूख मला एकदम शेजारचा वाटू लागला.

मग मी पाटीवर आमच्या घरचे वर्ष मांडले. जून-जुलैत पेरणी, लावणी. ऑगस्टात बेणणी आणि बांधाची राखण, शिवाय गणपतीची तयारी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी, झोडणी, मळणी. याच दिवसांत गोदामात दिवाळीच्या मालाची झुंबड, थोरल्याला रजा नाही. डिसेंबर अखेर नाताळ आणि नववर्षाची गर्दी, तेव्हा भाव आकाशाला भिडलेले. राहिला फेब्रुवारी. भात कणगीत पडलेले, पेंढा विकलेला, शेतात फक्त वाल उभा. तिकडे फुकेतला आकाश निरभ्र आणि समुद्र शांत. मुंबईहून थेट विमान, पाच तासांच्या आतबाहेर प्रवास. असा बेत ठरला: मळणी झाली की बेटावर.

सगळे ठरले. फक्त आमच्या मंडळींना विचारायचे राहिले होते. ती गोठ्यातून आली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "तुम्ही जा. मी नाय येत."

थोरला समजावू लागला, सूनबाई समजावू लागली. मी मात्र गप्प राहिलो. कारण ती 'नाय' का म्हणते ते मला ठाऊक होते.

आमची दोन एकर जमीन गोदामाला गेली तेव्हा हातात एवढा पैसा आला, की आमच्या आजाने सात जन्मांत पाहिला नसता. भावाचा वाटा गेला, मुलीचे लग्न झाले, घर झाले. २०१२ साली गावातले आम्ही अकरा जण बँकॉक-पटायाला गेलो. बायका घरी. तिला सांगितले, देवळे बघायला चाललो. तिथे काय पाहिले ते सांगण्यासारखे नाही. रात्री जागलो आणि दिवसा झोपलो. समुद्र पाहिला तो बसच्या खिडकीतून. परत आलो तेव्हा तिच्यासाठी डोकेदुखीच्या मलमाच्या चार डब्या आणल्या. त्या सहा दिवसांत एक म्हैस आजारी पडली होती आणि ही एकटी रात्रभर गोठ्यात बसली होती. तिने मला एक शब्द विचारला नाही. मलमाच्या डब्या मात्र कधी उघडल्या नाहीत. आजही त्या फडताळात आहेत. आमच्या भागात अजूनही कोणी 'बँकॉक' म्हटले की पुरुष हसतात आणि बायका उठून आत जातात. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिले पाहिजे.

त्या रात्री मी तिला म्हटले, "तेव्हा मी चुकलो. आता तुझ्याबरोबर जायचं आहे. तू नसशील तर कोणीच जायचं नाही."

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "जमिनीच्या पैशाला हात लावायचा नाय. बँकेत आहे तो तसाच राहील. कर्ज नाय, हप्ता नाय. दुधाच्या पैशातून साठेल तेव्हा जाऊ."

चौघांचा खर्च सूनबाईने मांडला: विमान, दोन खोल्या, जेवणखाण, बोटी, सगळे मिळून दोन लाखांच्या घरात. तिथला एक बाट म्हणजे आपले अडीच ते तीन रुपये. निम्मे थोरला पगारातून टाकणार, निम्मे दूध, पेंढा आणि वाल यांतून. हिशेब केला तर येत्या फेब्रुवारीत जमणारे नव्हते. म्हणून त्याच्या पुढचा फेब्रुवारी धरला. थोरल्याचे तोंड उतरले. पण कर्ज काढून केलेली मौज परत आल्यावर फेडावी लागते, हे त्यालाही पटले.

वेळ मिळाला तो वाया गेला नाही. माझ्या पासपोर्टची दहा वर्षे केव्हाच संपली होती आणि तिचा तर कधी काढलाच नव्हता. आमच्या पिढीतल्या पुष्कळांची जन्मतारीख १ जून. शाळेत मास्तरांनी घातली तीच खरी. ती तारीख सगळीकडे जुळली, पण तिच्या आधारकार्डावर आणि पॅनकार्डावर आडनावाची अक्षरे वेगळी निघाली. ती दुरुस्त करण्यातच दोन महिने गेले. तेव्हा ज्यांना कुठे जायचे असेल त्यांनी आधी कागद एकमेकांशी ताडून पाहावेत. तिकिटाचे नंतर. पासपोर्टची मुदत प्रवासानंतरही सहा महिने तरी शिल्लक असावी. २०१२ साली आम्हाला तिथल्या विमानतळावर रांगेत उभे राहून, पैसे भरून व्हिसा घ्यावा लागला होता. १० नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय प्रवेश दिला. तरी असे नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी पुन्हा खात्री करायचे आम्ही ठरवले आहे. १ मे २०२५ पासून तिथे पोचण्याआधीच्या तीन दिवसांत मोबाइलवर एक प्रवेशपत्र भरावे लागते. त्याला पैसे पडत नाहीत. कोणी मागितले तर तो लबाड समजावा.

तिच्या शंका वेगळ्या होत्या. तिच्या गळ्यात माळ आहे. "तिथं सगळ्यात मासळी. मी काय खाऊ?" मासळीचे खारे पाणी तिथल्या भाजीतही घालतात हे खरे. पण तिथे 'जे' नावाचे जेवण मिळते. त्यात मांस-मासे नाहीत, अंडी नाहीत, कांदा-लसूणही नाही. दुकानावर पिवळा झेंडा आणि त्यावर लाल अक्षरे असली की तिथे ते मिळते. सूनबाईने ती अक्षरे कागदावर काढून दिली. आमच्या मंडळींनी तो कागद पोथीत ठेवला आहे.

दुसरी शंका लाटेची. २६ डिसेंबर २००४ची त्सुनामी तिने टीव्हीवर पाहिली होती. थायलंडमध्ये त्या दिवशी पाच हजारांहून अधिक माणसे गेली, फुकेतलाही तडाखा बसला. मी खोटा धीर दिला नाही. जमीन हादरली किंवा समुद्राचे पाणी एकाएकी मागे हटले तर शिंपले वेचत बसायचे नाही, उंचावर पळायचे, एवढे आम्ही चौघांनी पाठ केले.

तिला सगळ्यात आवडली ती एक गोष्ट. फुकेतपासून बोटीने जायच्या वाटेवर फी फी नावाची बेटे आहेत. तिथल्या माया नावाच्या लहानशा खाडीत एका इंग्रजी सिनेमाचे चित्रण झाले आणि माणसांची इतकी रीघ लागली, की पाण्यातले पोवळे मरू लागले. २०१८ साली सरकारने ती जागा बंदच केली. २०२२च्या जानेवारीत पुन्हा उघडली, पण मोजकी माणसे सोडतात, पोहू देत नाहीत आणि दरसाल ऑगस्ट-सप्टेंबरात बंद ठेवतात. हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे जमीन पड ठेवतात तसं. शहाणी आहेत माणसं." फुकेतही पूर्वी कथलाच्या खाणी आणि रबराच्या मळ्यांवर जगत असे, पर्यटकांचा पैसा मागाहून आला. पैसा आला की सगळेच विकू नये, थोडे पड ठेवावे, हे आम्हा भिवंडीकरांना कोणी वेळेवर सांगितले असते तर बरे झाले असते.

आता दोघांचे पासपोर्ट कपाटात आहेत. दुधाच्या पैशांचा पत्र्याचा डबा निम्म्याच्या वर भरला आहे. गेल्या लावणीला पावसात आवण लावता लावता ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी विचारले, "दुखतंय का?"

ती म्हणाली, "दुखतं तर रोजच. चाळीस वर्षं पाण्यात वाकून उभी राहिले. एकदा पाण्यात सरळ उभी राहून नुसतं बघेन म्हणते."

मी काही बोललो नाही. पुढची मूठ उचलली आणि तिच्या ओळीतली उरलेली आवणे लावून टाकली.

थायलंडमध्ये एकमेकांना भेटल्यावर 'भात खाल्लास का?' असे विचारतात म्हणे. सूनबाईकडून मी ते त्यांच्या भाषेत शिकतो आहे, किन खाव रु यांग? त्या किनाऱ्यावर उतरल्यावर पहिल्यांदा हे मी तिलाच विचारणार आहे.