थालर घासू नका

व्हिएन्नात शनिवारी नाशमार्क्टचा जुना बाजार भरतो, तिथे मारिया थेरेसाचा चांदीचा थालर हमखास दिसतो. भरदार अंगाची राणी, डोक्यावर ओढणी, खांद्याशी मोत्यांचा ब्रोच. मागच्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड आणि साल १७८०. नवखा संग्राहक हरखून जातो. विकणारा गप्प. त्याने तरी काय बोलावं? साल नाण्यावर छापलेलंच आहे.

राणी त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला वारली. पण अरबस्तानात आणि इथियोपियात तिच्या थालरची पत इतकी की पुढेही त्यावर हेच साल पडत राहिलं. तिथले व्यापारी ब्रोचवरचे मोती मोजत, कडेची उठावदार अक्षरं चाचपत आणि मगच नाणं पदरात घेत. कडेवर अक्षरं असली की चांदी कातरून चोरता येत नाही. वजन २८ ग्रॅमच्या आसपास, कस हजारात ८३३. मुसोलिनीने १९३५ मध्ये व्हिएन्नाकडून ठसे मिळवले आणि रोममध्ये थालर पाडले. मग लंडन, पॅरिस, ब्रसेल्स. दुसऱ्या महायुद्धात तर आपल्या फोर्टातल्या टांकसाळीनेही पाडले. साल? १७८०! गरुडाची पिसं, मोत्यांचा घाट, कडेची नक्षी भिंगाखाली धरून जाणकार टांकसाळ ओळखतात. मुंबईकर म्हणून माझा जीव अर्थातच मुंबईच्या थालरमध्ये.

खरोखर जुनं हवं असेल तर थालरच्या मागे न लागता सम्राट लिओपोल्ड पहिला याचं १५ क्रॉइत्झरचं नाणं बघा. १६६०च्या दशकातली ही नाणी बऱ्यापैकी मिळतात. हॅब्सबर्ग घराण्याचा तो पुढे आलेला जबडा कारागिराने जराही झाकलेला नाही. दरबारी चित्रकारांपेक्षा मला हा ठसे कोरणारा जास्त प्रामाणिक वाटतो. यातली बरीच नाणी किंचित वाकलेली असतात. ती खोट नव्हे. चांदीची पट्टी कोरीव रुळांमधून काढायची आणि मग नाणी कापायची, अशी ती पद्धत होती.

खोट असते ती वेगळी. पूर्वी थालर गळ्यात घालायचे, त्यासाठी वर कडी डाखलेली असे. पुढे कडी काढून जागा घासून गुळगुळीत करतात. म्हणून बाराच्या ठोक्याची जागा आधी तपासावी; तिथे अक्षरं पुसट दिसली तर भाव निम्म्यावर आणायला लाजू नये. बाजारात डोळा बसेपर्यंत डोरोथेउममध्ये लिलावाआधी मांडलेली नाणी पाहून घ्यावीत. १७०७ मध्ये गहाणाची पेढी म्हणून निघालेल्या या संस्थेला इथले लोक लाडाने डोरोथे मावशी म्हणतात.

आणि एक विनंती, खास आपल्या लोकांना. दिवाळीत देवाची उपकरणी लखलखीत करतो तसा जुन्या चांदीच्या नाण्याला हात लावू नका. त्यावरचा काळपटपणा म्हणजे मळ नव्हे. तो गेला आणि बारीक ओरखडे उमटले की संग्राहक ते नाणं परत ठेवून देतो. घरात असं एखादं नाणं असेल तर कागदात गुंडाळा आणि आधी जाणकाराला दाखवा.