खाजेची ट्यूब

औषधाच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहिलं की एक फरक लवकर लक्षात येतो. ताप, साखर, ब्लडप्रेशर यांची औषधं लोक चिठ्ठी पुढे सरकवून मागतात. त्वचेची औषधं तक्रार सांगून मागतात. खाजेची ट्यूब द्या, काळ्या डागांवरचं काहीतरी द्या, मागच्या वेळची ती पिवळ्या खोक्यातली द्या. मी फार्मासिस्ट आहे आणि पावसाळा सुरू झाला की दिवसभर हीच मागणी ऐकते. अडचण अशी, की खाज हा आजार नाही. गजकर्ण खाजतं, खरूज खाजते, इसब खाजतो, घामोळं खाजतं, आणि नव्या साबणाने उठलेलं पुरळही खाजतं. गजकर्ण बुरशीने होतं. खरूज कातडीत बीळ करून राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसेल न दिसेल अशा किड्याने होते, आणि तिच्यावर परमेथ्रिनचं क्रीम मानेपासून पायापर्यंत, घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावं लागतं. इसबाच्या मुळाशी असा बाहेरचा शत्रू नसतोच. तक्रार एक, औषधं वेगवेगळी. मग निदान न करता द्यायचं काय? बाजाराने यावर तोडगा काढून ठेवला आहे: बुरशीनाशक, जंतुनाशक आणि स्टेरॉइड, तिन्ही एकाच ट्यूबमध्ये. काहीही असलं तरी काहीतरी लागू पडेल, हा त्यामागचा हिशेब. माझं म्हणणं असं आहे, की हा हिशेब चुकीचा आहे. या ट्यूबमुळे निदान नुसतं राहून जात नाही. आजार ओळखूच येणार नाही अशा रूपात बदलतो आणि पसरतो.

हे कसं घडतं ते समजून घेण्यासारखं आहे. गजकर्णाची बुरशी त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत थरातल्या केराटिनवर जगते. शरीराला तिची चाहूल लागते आणि ते प्रतिकार करतं. गोल चट्ट्याची लालसर, उंचावलेली, खवलेदार कड आणि खाज ही त्या प्रतिकाराचीच खूण. स्टेरॉइड नेमकं हा प्रतिकार दाबतं. रक्तवाहिन्या आकसतात, लाली ओसरते, खाज दोन दिवसांत थांबते. बुरशी मात्र जागेवरच असते, आणि आता तिला अडवणारं कोणी नसतं. चोर आला म्हणून भुंकणाऱ्या कुत्र्याला झोपेचं औषध द्यावं, तसा हा इलाज. ट्यूबमध्ये बुरशीनाशक आहे ना, मग बुरशी मरेलच की, असं यावर विचारलं जातं. ते औषध आठवडे न आठवडे, नियमित लावलं तर परिणाम होतो. पण खाज थांबली की लावणारा हात थांबतो, आणि खाज थांबवण्याचं काम स्टेरॉइडने तिसऱ्या दिवशीच केलेलं असतं. थोड्या दिवसांनी चट्टा परत येतो, पूर्वीपेक्षा मोठा; माणूस पुन्हा तीच ट्यूब नेतो, कारण तिने मागच्या वेळी 'गुण' दिला होता. अशा बदललेल्या गजकर्णाचं वर्णन इंग्लंडमधल्या आइव्ह आणि मार्क्स या डॉक्टरांनी 1968 मध्ये केलं आणि त्याला 'टिनिया इनकॉग्निटो' म्हटलं, म्हणजे वेषांतर केलेलं गजकर्ण. तेव्हा ते नवल होतं. आज आपल्याकडे त्याचं नवल राहिलेलं नाही. कड पुसट झालेले, वर्तुळात वर्तुळ उठलेले, जांघेपासून कमरेपर्यंत पोचलेले चट्टे त्वचारोगतज्ज्ञ रोज पाहतात.

'फक्त वरून तर लावायचं आहे, पोटात थोडंच जातंय' हा समज या सगळ्याच्या मुळाशी आहे, आणि तो सुशिक्षित घरांतही तितकाच पक्का आहे. त्वचा म्हणजे रबरी कापड नव्हे. 1967 मध्ये फेल्डमन आणि माइबाख या संशोधकांनी शरीराच्या निरनिराळ्या भागांतून हायड्रोकॉर्टिझोन किती आत जातं ते मोजलं. हाताच्या पुढच्या भागातून जितकं शोषलं जातं त्याला एक धरलं, तर जबड्याजवळच्या त्वचेतून ते सुमारे 13 पट आणि वृषणाच्या त्वचेतून सुमारे 42 पट शोषलं जातं. म्हणजे चेहरा आणि जांघ, जिथे लोक ही ट्यूब सर्वांत जास्त लावतात, तिथेच ती सर्वांत जास्त मुरते. जांघेत आणि काखेत त्वचा पातळ होऊन तिच्यावर ताणाचे चरे उमटतात, पोटावर गरोदरपणात उमटतात तसे, आणि ते कायमचे राहतात. आकड्यांचा आणखी एक घोटाळा ट्यूबवरच छापलेला असतो. हायड्रोकॉर्टिझोनच्या ट्यूबवर 1 टक्का लिहिलेलं असतं आणि क्लोबेटासोलच्या ट्यूबवर 0.05 टक्के. ग्राहकाला दुसरी सौम्य वाटते. प्रत्यक्षात हायड्रोकॉर्टिझोन हे सौम्य गटातलं, तर क्लोबेटासोल अतितीव्र गटातलं औषध. टक्केवारी प्रमाण सांगते, ताकद नाही. हे ट्यूबवर कुठेही लिहिलेलं नसतं.

चेहऱ्याची गोष्ट तर याहून वाईट, कारण तिथे बहुतेक वेळा आजारसुद्धा नसतो. असतो तो रंग उजळण्याचा हव्यास. वांगासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचं एक मिश्रण वापरतात. अमेरिकेतल्या क्लिगमन आणि विलिस यांनी 1975 मध्ये मांडलेल्या सूत्रावरून ते आलं, आणि डॉक्टरांच्या नजरेखाली, ठरावीक आठवड्यांपुरतं वापरलं तर ते उपयोगी आहे. आपल्याकडे ते गोरेपणाचं क्रीम म्हणून महिनोन्महिने लावलं जातं. लग्नसराईच्या आधी त्याची मागणी का वाढते हे मी सांगायला नको. सुरुवातीला चेहरा खरोखर तुकतुकीत दिसतो. मग मुरूम येतात, गालांवर बारीक लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, हनुवटीवर लव वाढते, आणि ट्यूब थांबवली की चेहऱ्याची आग होते. म्हणून ती पुन्हा सुरू होते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत त्वचारोग विभागांत आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत असल्याचं आढळलं. त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना ते सुचवणारा माणूस डॉक्टर नव्हता. मैत्रीण, शेजारी, पार्लर, आणि हो, औषधाचं दुकान.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला माझ्याच व्यवसायातला: आम्ही नाही दिली तर शेजारचा दुकानदार देईल. हे खरं आहे, म्हणूनच केवळ दुकानदाराच्या सदसद्विवेकावर हा प्रश्न सोडून चालत नाही; पण कायद्याचीही वाट पाहून झाली आहे. चिठ्ठीशिवाय विकू नये अशा औषधांची शेड्यूल एच ही यादी आहे, पण तिच्यातली पुष्कळ औषधं वरून लावायच्या रूपात असली तर त्यांना बरीच वर्षं सूट होती. 2018 मध्ये 14 स्टेरॉइडांसाठी ती सूट काढली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने 328 मिश्र औषधांवर बंदी घातली आणि त्यांत त्वचेवर लावायची स्टेरॉइडयुक्त मिश्रणंही होती. पण बंदी त्या त्या मिश्रणावर असते. यादीत नसलेलं मिश्रण विकायला मोकळं राहतं. शिवाय लाल रेघ असलेली ट्यूब चिठ्ठीशिवाय देऊ नये, हा नियम काउंटरवर पाळायचा तर समोरच्या माणसाला नाही म्हणावं लागतं, आणि नाही म्हणण्याचे पैसे कोणी देत नाही.

दुसरा आक्षेप गरिबीचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. त्वचारोगतज्ज्ञ शहरात बसतात. तालुक्याहून तिथे जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि तपासणी फी. त्यापेक्षा ट्यूब स्वस्त. एकदा विकत घेतली तर स्वस्त, हे मान्य. पण तीच ट्यूब महिन्याला दोन, वर्षभर, आणि मग घरातल्या चौघांना गजकर्ण, असा हिशेब मांडला की ती स्वस्त राहत नाही. त्यातही, शंका गजकर्णाचीच असेल तर स्टेरॉइड नसलेलं साधं क्लोट्रिमॅझोलचं क्रीम त्याच फळीवर असतं आणि महाग नसतं. चट्ट्यावर आणि त्याच्या कडेबाहेर दोन बोटं रुंदीपर्यंत लावायचं, चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायचं. चट्टे पसरलेले असतील तर पोटातली गोळी लागते आणि तिथे डॉक्टरला पर्याय नाही. निदानाला महागडी यंत्रंही लागत नाहीत: चट्ट्याची कड खरवडून काढलेल्या खवल्यांवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की बुरशीचे धागे दिसतात. आणि गरिबांसाठी म्हणून या ट्यूबची बाजू घेणाऱ्यांनी कुष्ठरोगाचाही विचार करावा. त्याचा फिकट, बधिर चट्टा सहसा खाजत नाही. त्यावरचे उपचार सरकारी केंद्रात फुकट मिळतात. असा चट्टा डागाची ट्यूब लावत महिनोन्महिने अंगावर काढला, तर तेवढ्यात नसांचं नुकसान होऊन बसतं.

कोणी म्हणेल, गजकर्ण वाढलं ते घट्ट जीन्समुळे, दमट हवेमुळे, बुरशीच औषधांना दाद देईनाशी झाल्यामुळे. ट्यूबवर सगळा दोष का? दोष सगळा नाहीच. 2020 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव दिलं. तिच्यातल्या अनेक वाणांना टर्बिनाफिन लागू पडत नाही, कारण ते औषध ज्या एन्झाइमला अडवतं त्याचा जनुकच बदललेला आहे. 2023 मध्ये ती न्यूयॉर्कमध्येही सापडल्याची नोंद झाली. स्टेरॉइडने हा बदल घडवला असं मी म्हणणार नाही. पण कोकणात आणि मुंबईत हवा आजोबांच्या काळीही दमट होती. औषधाला न जुमानणारी बुरशी आणि तिला आश्रय देणारी, प्रतिकार दडपलेली त्वचा या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की पसरायला वेगळं निमित्त लागत नाही. जनुकावर आपला ताबा नाही, ट्यूबवर आहे.

उलट बाजूचा आक्षेप डॉक्टरांकडून येतो: असं लिहिलं की लोक स्टेरॉइड या शब्दालाच घाबरतात, आणि इसबाने रात्रभर खाजवणाऱ्या मुलाची आई चिठ्ठीतलं क्रीम लावायचं टाळते. ही भीती खरी आहे आणि तिच्यामुळे मुलांचे हाल होतात. 1952 मध्ये सल्झबर्गर आणि विटेन यांनी हायड्रोकॉर्टिझोन त्वचेवर लावून दाखवलं तेव्हा इसबाच्या रुग्णांचं आयुष्य बदललं. त्याआधी त्यांना डांबराच्या मलमाखेरीज फारसं काही नव्हतं. स्टेरॉइड योग्य आजाराला, योग्य ताकदीचं, मोजून लावलं तर सुरक्षित आहे. मोजायची सोपी रीतही आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली सरळ रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. माझा विरोध स्टेरॉइडला नाही. कशासाठी लावतोय हे ठाऊक नसताना, बुरशीनाशकाच्या आडून लावल्या जाणाऱ्या स्टेरॉइडला आहे.

घरात जी ट्यूब असेल तिच्यावरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा आणि खालची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव तिथे असेल आणि ती डॉक्टरने तुम्हाला, याच आजारासाठी दिलेली नसेल, तर ती गजकर्णावर किंवा चेहऱ्यावर लावू नका आणि शेजाऱ्यालाही देऊ नका. पण जे कित्येक महिने चेहऱ्यावर लावत आले आहेत त्यांनी हे वाचून ती आज रात्री फेकून देऊ नये. एकदम थांबवली तर चेहरा भडकतो. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि कधीपासून लावताय ते खरं सांगा.