सकाळचे सिलोन

फोंडा तालुक्यातील आमच्या गावी वडिलांचे लहानसे भुसारी दुकान होते. भिंतीवर घड्याळ होते खरे. परंतु घरचा व्यवहार त्याच्यावर चालत नसे, तो चाले गल्ल्याशेजारच्या रेडिओवर. सकाळी साडेसातला वडील लघुलहरींवर रेडिओ सिलोन लावीत. जुन्या चित्रपटगीतांचा अर्ध्या तासाचा तो कार्यक्रम कुंदनलाल सैगल यांच्या गीताने संपे. तो आवाज उमटताच वडील हाक मारीत, "सैगल आयलो, भायर सर!" की आम्ही दप्तर उचलून शाळेची वाट धरावयाची!

ही गोष्ट १९९० नंतरची. सिलोनचे वैभव तेव्हा ओसरले होते; तथापि त्याच्या भरभराटीच्या कथा आम्ही वडिलांकडून ऐकत असू. १९५२ साली नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लावली आणि श्रोते समुद्रापलीकडील कोलंबोकडे वळले. त्याच वर्षाच्या अखेरीस अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' तेथून सुरू झाली. पुढे १९५७ मध्ये विविध भारती आली. मग दूरचित्रवाणी आली, ध्वनिफिती आल्या. १९८९ साली गीतमालाही विविध भारतीवर गेली. जाहिरातींवर पोसलेल्या त्या केंद्राचा आधार असा एकेक करून सुटत गेला.

शिवाय सिलोन ऐकावयाचे म्हणजे चिकाटीचे काम. लघुलहरी आकाशातील उंच, विद्युत्भारित थरांवरून परावर्तित होऊन हजारांहून अधिक किलोमीटर दूर आमच्या गावी पोहोचत. ते थर सूर्याच्या उदयास्ताबरोबर पालटतात. म्हणून आवाज भरतीओहोटीसारखा चढे आणि ओसरे. वडील पेटीला कान लावून बटण केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवीत. पावाची टोपली घेऊन आलेला पदेर सायकल टेकवून थांबे. साखर बांधून झालेले गिऱ्हाईकही जागचे हलत नसे.

आम्ही पदवीधर झालो, नोकरीस लागलो आणि पहिल्या पगारातून वडिलांसाठी मोबाइल घेतला. त्यात शेकडो जुनी गाणी भरली. सैगल तर सगळेच. आवाज स्वच्छ, खरखर नाही. वडिलांनी चार दिवस कौतुकाने ऐकले. पाचव्या दिवशी साडेसातला ते पुन्हा रेडिओचे बटण फिरवीत बसले. आम्हांस राग आला. "तेच गाणे यात आहे ना?" असे आम्ही जरा तोऱ्यातच म्हणालो. वडील शांतपणे म्हणाले, "गीत आसा रे, पूण तें म्हाका कोणें आयकयलें ना." गाणे आहे, पण ते मला कोणी ऐकविलेले नाही!

त्या वेळी आम्ही हसलो. आज वडील नाहीत. रेडिओ कपाटावर आहे, मोबाइल केव्हाच मोडीत गेला. दुकानाच्या जागी आता भाडेकरू आहे. तेथे पदेर थांबत नाही. दूर कोठे तरी एक माणूस पहाटे उठून आपल्यासाठी तबकडी निवडतो आणि आपल्याबरोबरच ती पदेरही ऐकतो, ही जाणीव वडिलांना हवी होती. नुसते गाणे नव्हे. हे उमगावयास आम्हांस फार उशीर लागला, आणि ते त्यांना सांगावयाचे राहून गेले.

गेल्या वर्षी आमच्या शाळेत परिपाठाच्या प्रार्थनेविषयी चर्चा निघाली. मुलांचा सूर जुळत नाही, तेव्हा ध्वनिमुद्रित प्रार्थनाच लावावी, अशी सूचना आली. सूचना सोयीची होती. एरवी आम्ही बैठकीत फारसे बोलत नाही. त्या दिवशी मात्र उभे राहून विरोध केला. कारण विचारले तेव्हा नीट सांगता आले नाही. सैगलचे नाव घेणे काही बरे दिसले नसते!

विद्यार्थी मित्रहो, प्रार्थना अजूनही तुम्हीच म्हणता. आठवीच्या ज्या मुलाचा वरचा स्वर दररोज फाटतो, त्याने मुळीच संकोचू नये. आम्ही मागच्या रांगेत कान देऊन उभे असतो.