बटबटीतपणामागची मेहनत

मुद्दाम भडक केलेल्या मारधाडपटांविषयी दोन शेरे ठरलेले असतात. ‘डोकं बाजूला ठेवून बघ’ हा एक आणि ‘इतका वाईट आहे की मजा येते’ हा दुसरा. जॉन कारपेंटरचा ‘बिग ट्रबल इन लिटल चायना’ पुन्हा पुन्हा पाहताना हे दोन्ही शेरे मला चुकीचे वाटत आले आहेत. १९८६ सालचा हा चित्रपट डोकं शाबूत ठेवूनच पाहावा लागतो, आणि वाईट तर तो मुळीच नाही. हातांतून सुटणाऱ्या विजा, सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनखाली दडलेला दोन हजार वर्षांचा मांत्रिक, रागानं फुगत फुगत फुटून जाणारा योद्धा, हे सगळं बटबटीत आहेच. पण तो बटबटीतपणा मोजूनमापून रचलेला आहे, आणि तो एकाच विनोदाभोवती रचलेला आहे. ज्याला आपण नायक समजून बसतो तो नायक नाही, आणि ही गोष्ट फक्त त्यालाच ठाऊक नाही.

जॅक बर्टन हा ट्रकचालक. पावसात ट्रक हाकताना वायरलेसवरून तो स्वतःच्याच मोठेपणाची प्रवचनं झोडत असतो. त्याचा मित्र वँग ची हॉटेल चालवतो. वँगची वाग्दत्त वधू चीनहून येते, विमानतळावरूनच तिला पळवून नेतात आणि दोघे तिच्या शोधात निघतात. इथून पुढे कोण काय करतं ते नीट पाहावं. चायनाटाउन ठाऊक आहे वँगला, भाषा येते वँगला, लढता येतं वँगला, आणि जिच्यासाठी जिवावर उदार व्हायचं तीही वँगचीच. जॅकला मुख्यतः त्याचा चोरीला गेलेला ट्रक परत हवा आहे. शेवटच्या मोठ्या लढाईची सुरुवात तर मला पडद्यावरच्या उत्तम विनोदांपैकी एक वाटते. दोन्ही फौजा समोरासमोर ठाकतात, जॅक आरोळी ठोकून बंदुकीच्या फैरी वर छताकडे झाडतो, छताचा तुकडा निखळून त्याच्याच डोक्यावर पडतो आणि तो बेशुद्ध होतो. लढाई त्याच्याविना सुरू होते आणि वँग हवेत झेपावून तलवारीनं लढू लागतो. पुढे मांत्रिक लो पॅनसमोर जॅक छाती काढून उभा राहतो, तेव्हा नायिका ग्रेसीच्या चुंबनानं लागलेली लिपस्टिक त्याच्या तोंडावर लालभडक फासलेली असते. कारपेंटर तो प्रसंग घाईनं उरकत नाही. जॅक डरकाळ्या फोडत असतो आणि आपण त्या लाल ओठांकडे पाहत असतो. तमाशातला सोंगाड्या राजाच्या वेशात फडावर आला आणि शेवटपर्यंत स्वतःला राजाच समजत राहिला, तर जी गंमत होईल तीच इथे होते.

हे साधायला कर्ट रसेलच हवा होता. ‘एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क’ आणि ‘द थिंग’ या कारपेंटरच्याच चित्रपटांत तो कणखर, अबोल पुरुष म्हणून प्रेक्षकांच्या मनात ठसला होता. ती सगळी पुण्याई इथे दोघांनी मिळून खर्ची घातली. रसेल जॉन वेनच्या ढंगात शब्द ओढतो, पण प्रेक्षकाकडे बघून एकदाही डोळा मारत नाही. जॅकचा स्वतःवरचा विश्वास तो अगदी मनापासून रंगवतो. जेम्स हाँगही लो पॅन तितक्याच गांभीर्यानं करतो. लग्नासाठी झुरणारा, चाकाच्या खुर्चीतला जराजर्जर म्हातारा आणि उंच, तेजस्वी, भयंकर मांत्रिक ही दोन्ही रूपं त्यानं एकट्यानं उभी केली आहेत. म्हाताऱ्याची कीव येते, हे विशेष.

यावर हमखास येणारा आक्षेप असा : ‘मुद्दाम केलंय’ म्हटलं की सगळं माफ होतं का? फसलेल्या कामाला ही सोयीची पळवाट नाही का? आक्षेप रास्त आहे. कित्येक चित्रपट आपला आळस याच सबबीखाली खपवतात, आणि ते मला सोसवत नाहीत. म्हणून मी एक साधी कसोटी लावते : विनोद बाजूला काढला तर खाली काय उरतं? इथे भक्कम काम उरतं. छायाचित्रण डीन कंडीचं, म्हणजे ‘हॅलोविन’ आणि ‘द थिंग’ टिपणाऱ्या माणसाचं. गल्लीतली पहिली मारामारी पाहा. एका बाजूला पिवळे फेटे, दुसऱ्या बाजूला लाल, त्यामुळे कोण कुणाला मारतो याचा एवढ्या गर्दीतही क्षणभर गोंधळ होत नाही. जॅक आणि वँग ट्रकमध्ये बसून काचेतून ते बघत असतात आणि आपणही त्यांच्याबरोबर तिथेच अडकून पडतो. मग आकाशातून टोपल्यांसारख्या टोप्या घातलेले तीन योद्धे उतरतात. कारपेंटरला हाँगकाँगच्या मारधाडपटांचं वेड होतं. त्सुई हार्कचा १९८३ सालचा ‘झू’ त्यानं मनापासून पचवला होता. हवेत उडत लढण्याची ती रीत हॉलिवूडनं ‘मेट्रिक्स’नंतर, म्हणजे १९९९नंतर सर्रास उचलली. इतकी जाण असलेल्या माणसानं छत नायकाच्या डोक्यावर पाडलं, तर ते हात चुकून पाडलेलं नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. चायनाटाउन म्हणजे तळघरं, जादूटोणा, पळवलेल्या मुली आणि लांब नखांचा कारस्थानी म्हातारा, हे चित्र हॉलिवूडनं फू मांचू या खलनायकाच्या काळापासून विकलं आहे. काही चिनी-अमेरिकन मंडळींनी त्याबद्दल निषेध नोंदवला होता. वँगच्या वाग्दत्त वधूला चित्रपटात संवाद जवळजवळ नाहीतच, हिरवे डोळे एवढंच तिचं पात्र आहे. या बाबतीत चित्रपट उणा पडतो. तरीही त्याच साच्याला तो आतून कसा सुरुंग लावतो हेही पाहायला हवं. त्या काळच्या हिशेबानं गोरा नायक आणि चिनी मदतनीस अशी जोडी ठरलेली होती. इथे ती बरोबर उलटी आहे. चिनी माणूस शूर, हुशार आणि प्रेमी, तर गोरा माणूस त्याच्यामागे धापा टाकत प्रश्न विचारणारा. जाणकार म्हणून दिसतो तोही पर्यटकांची बस चालवणारा म्हातारा एग शेन. लो पॅन करणारे जेम्स हाँग हे १९६५ साली आशियाई-अमेरिकन कलावंतांसाठी ‘ईस्ट वेस्ट प्लेयर्स’ ही नाट्यसंस्था काढणाऱ्यांपैकी एक. साच्यातल्या भूमिकांचा जाच काय असतो हे त्यांना शिकवायची गरज नव्हती.

हा उलटा डाव निर्मात्या फॉक्स कंपनीला रुचला नाही, याचा पुरावा चित्रपटातच आहे. अगदी सुरुवातीला एग शेन एका वकिलासमोर जॅकच्या धैर्याची वाखाणणी करतो. हा प्रसंग कंपनीच्या आग्रहावरून मागाहून जोडलेला आहे, जॅक खराखुरा नायक वाटावा म्हणून. मला तो प्रसंग खटकतो, कारण पुढच्या विनोदाची धार तो आधीच बोथट करू पाहतो. आदल्याच वर्षी ‘कमांडो’ आणि दुसरा ‘रॅम्बो’ गाजले होते. एकटा पुरुष शंभरांना लोळवतो, हे पाहायला लोक येत होते. जुलै १९८६मध्ये हा चित्रपट लागला आणि सोळाच दिवसांनी ‘एलियन्स’ आला. अमेरिकेत तिकीटबारीवर सुमारे १ कोटी ११ लाख डॉलर जमले, खर्च त्याच्या जवळपास दुप्पट होता. कारपेंटर मोठ्या कंपन्यांना वैतागून पुन्हा कमी पैशांच्या चित्रपटांकडे वळला. चित्रपटाला त्याचे प्रेक्षक नंतर व्हिडिओ कॅसेटवर मिळाले. यात मला नवल वाटत नाही. जॅक नायक नाही हे एकदा कळलं की चित्रपट पहिल्यापासून पुन्हा पाहावासा वाटतो, आणि कॅसेट मागे फिरवता येत होती.

तुम्ही तो पाहिला नसेल तर पाहा. पाहिला असेल तर या वेळी मारामारीत जॅकवरची नजर काढून वँगवर ठेवा. वँग साकारणाऱ्या डेनिस डननं किती काम केलं आहे आणि त्याचं नाव किती कमी घेतलं जातं, ते तुमच्या लक्षात येईल.