चार एकसारखे कण

सेवानिवृत्त प्राध्यापकाच्या घरीं जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे फार असतात. ते रद्दींत घालावेत असें घरांतील मंडळी दर दिवाळीला सुचवितात, आणि दर दिवाळीला मी ते एका कपाटांतून काढून दुसऱ्या कपाटांत ठेवतों. या गठ्ठ्यांत एक कागद असा आहे कीं, तो हातीं आला म्हणजे मी चष्मा काढून ठेवतों. १९८९ च्या ऑगस्टमधील एका चाचणीचा तो कागद आहे.

बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला मी जवळजवळ तीस वर्षें सांख्यिकीय यामिकी शिकविली. मुलें तिला लाडानें म्हणा, धास्तीनें म्हणा, 'स्टॅटमेक' म्हणत. नांव ऐकून भ्यावें असाच हा विषय. पण त्यांतील उदाहरणें मात्र गंमतीचीं असतात. एक दारुडा दिव्याच्या खांबापासून निघतो. पुढचें पाऊल उजवीकडे पडेल कीं डावीकडे, हें त्याचें त्यालाही ठाऊक नसतें. शंभर पावलें टाकल्यावर तो खांबापासून किती दूर असेल? साधारणपणें दहा पावलें! एवढ्या खटाटोपानें दहाच पावलें, याचें मुलांना हसूं येई. मला तें तितकेंसें येत नसे. संसारांतील प्रगतीचा हिशेब ज्यानें केला आहे त्याला तें येणारही नाहीं.

पण माझें आवडतें उदाहरण खोलींतील हवेचें. या वर्गांतील सारी हवा अकस्मात् खिडकीकडच्या अर्ध्या भागांत गोळा झाली, तर दाराकडच्या मुलांनीं काय करावें? ती तशी गोळा होऊं नये असा निसर्गाचा कोणताही कायदा नाहीं. प्रत्येक रेणू स्वतंत्रपणें हिंडतो. तो खिडकीकडे असण्याची शक्यता निम्मी, दाराकडे असण्याची निम्मी. रेणू चारच असते, तर सोळा खेपांपैकीं एका खेपेस ते चौघेही खिडकीकडे सांपडले असते, आणि मागच्या बांकावरील मुलें दिवसांतून कित्येकदां गुदमरलीं असतीं! रेणू शंभर घेतले कीं ही शक्यता एकावर तीस शून्यें मांडून होणाऱ्या संख्येंत सुमारें एक इतकी खालीं येते. विश्वाचें वय आज सुमारें १३८० कोटी वर्षें मानतात. त्याच्या आरंभापासून दर सेकंदाला अब्ज वेळां डोकावून पाहिलें असतें, तरीही तो योग दिसण्याची आशा बाळगणें वेडेपणाचें झालें असतें. आणि हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्यें रेणू शंभर नसतात. पंचवीसावर अठरा शून्यें मांडावीं इतके असतात. आपण सुखानें श्वास घेतों तो कोणाच्या कृपेनें नव्हे, केवळ मोजदादीच्या जोरावर. लुडविग बोल्ट्झमन याचें अर्धें आयुष्य ही मोजदाद जगाला पटविण्यांत गेलें. अणूंचें अस्तित्वच ज्यांना मान्य नव्हतें, अशा विद्वानांशीं तो वर्षानुवर्षें झगडला, आणि १९०६ मध्यें त्यानें स्वतःच्या हातानें आपलें जीवन संपविलें. व्हिएन्नाच्या दफनभूमींत त्याच्या समाधीवर त्या मोजदादीचेंच सूत्र कोरलेलें आहे.

हें सारें मी मोठ्या रंगांत येऊन सांगत असें. मोजणें म्हणजे काय तें आपल्याला पुरतें कळलें आहे, असा त्या वयांत माझा समज होता. मुलांना मी दालांबेर याची फजितीही सांगत असें. एवढा मोठा फ्रेंच गणिती. पण एक नाणें दोनदां उडविलें तर निदान एकदां छाप पडण्याची शक्यता त्यानें १७५४ मध्यें विश्वकोशांत तीनांत दोन अशी छापून टाकली! खरी शक्यता चारांत तीन. ज्या शक्यता सारख्या तोलाच्या नाहींत त्या त्यानें सारख्या मानल्या. "पाहा," मी म्हणें, "पंडितांनाही मोजतां येत नाहीं."

त्या चाचणींत मीं प्रश्न घातला होता : चार एकसारखे कण दोन कप्प्यांत आहेत, दोन्ही कप्प्यांत दोन-दोन कण असण्याची शक्यता काढा. अपेक्षित उत्तर, सोळांत सहा. कणांना क्रमांक द्यावेत, सोळा मांडण्या लिहाव्यात, त्यांतील सहा निवडाव्यात, कीं झालें. बहुतेक मुलांनीं तेंच केलें. एका मुलानें मात्र लिहिलें : पांचांत एक. पहिल्या कप्प्यांत शून्य, एक, दोन, तीन किंवा चार कण असूं शकतात. कण एकसारखे असल्यामुळें याहून निराळी मांडणी ओळखूं येणार नाहीं. म्हणून पांच मांडण्या, आणि त्यांतील एक. मीं तांबड्या शाईनें त्यावर शून्य दिलें आणि खालीं लिहिलें, "मोजावयास शिका."

दुसऱ्या दिवशीं तो वर्गांतच उठून उभा राहिला. सडपातळ, खेड्यांतून आलेला, एरवीं फारसें न बोलणारा मुलगा. "सर, कण एकसारखे आहेत ना? मग पहिला कोणता आणि दुसरा कोणता, हें कोणीं ठरवावयाचें?" प्रश्न नीट ऐकून घेण्याइतका वेळ मीं दिला असता तर! पण वर्ग ऐकत होता. मीं म्हटलें, "अरे, दालांबेर मेला असें मला वाटत होतें. तो तर आमच्या तिसऱ्या बांकावर बसला आहे!" सारा वर्ग हसला. तोही थोडासा हसला, आणि खालीं बसला.

जानेवारींत मी सत्येंद्रनाथ बोस यांच्या प्रकरणाशीं आलों. १९२४ मध्यें डाक्का विद्यापीठांत शिकविणाऱ्या या तीस वर्षांच्या तरुणानें प्रकाशाच्या कणांची मोजदाद नव्या रीतीनें केली, आणि जूनमध्यें आपला निबंध आइन्स्टाइनकडे पाठविला. आइन्स्टाइननें तो स्वतः जर्मनमध्यें भाषांतरून छापविला. बोस यांच्या रीतीचें मर्म एका वाक्यांत सांगतां येतें : प्रकाशाच्या कणांना क्रमांक नसतात. कोणता कण कोठें आहे हा प्रश्नच तेथें निरर्थक. प्रत्येक कप्प्यांत किती आहेत, एवढेंच मोजावयाचें. मीं सवयीप्रमाणें फळ्यावर लहानसें उदाहरण घेतलें, चार कण, दोन कप्पे. पांच मांडण्या लिहिल्या. पांचही सारख्या तोलाच्या. दोन-दोन कण असण्याची शक्यता पांचांत एक.

खडू हातांत तसाच राहिला. नाण्यांच्या बाबतींत दालांबेर चुकला होता हें खरें. खोलींतील हवेपुरती माझी सोळांची मोजदादही चालते, कारण तेथें रेणूंना उपलब्ध असलेल्या अवस्था इतक्या अफाट असतात कीं, एकाच अवस्थेवर दोघांनीं हक्क सांगण्याचा प्रसंग क्वचितच येतो. पण मीं प्रश्नांत हवेचें नांवही घेतलें नव्हतें. कप्पे दोनच दिले होते, आणि 'एकसारखे' हा शब्द स्वतःच्या हातानें लिहिला होता. त्या मुलानें तो वाचला होता. मीं वाचला नव्हता. मीं तिसऱ्या बांकाकडे पाहिलें. तो दिवाळीनंतर वर्गांत आलाच नव्हता. कॉलेज सोडून एका बँकेंत कारकून म्हणून लागला, असें कळलें. त्याच्या गांवचा पत्ता कचेरींतील वहींत होता. दोन ओळींचें पत्र लिहावयास काय हरकत होती? मीं तें उद्यांवर टाकलें, आणि त्या उद्यांचीं पस्तीस वर्षें झालीं.

गेल्या दिवाळींत तो आपल्या मुलीला घेऊन माझ्या दारांत उभा राहिला. केंस पांढरे झालेले, पण बोलणें तसेंच मोजकें. मुलगी भौतिकशास्त्र घेऊन बी. एस्सी.ला होती, आणि तिला कांहीं उदाहरणें अडलीं होतीं. फराळ झाल्यावर मीं धीर करून तो कागद काढला आणि सारें सांगितलें. तुझें उत्तर बरोबर होतें, असें सांगतांना माझा आवाज मला हवा होता तसा राहिला नाहीं. त्यानें कागदाकडे पाहिलें, नि शांतपणें म्हणाला, "सर, तुम्ही उगीच मनाला लावून घेतलेंत. वडील आजारी पडले म्हणून कॉलेज सोडलें. ही चाचणी मला आठवतही नाहीं."

माझ्या मनावरील ओझें उतरावयास हवें होतें. थोडें उतरलेंही, आणि खरें सांगावयाचें तर, एका मुलाचें आयुष्य आपण बदलून टाकलें या समजुतींत जो एक छुपा अहंकार होता, तोही जरा दुखावला.

मग मीं मुलीची वही पुढें ओढली. पहिलेंच उदाहरण तीन कणांचें आणि दोन अवस्थांचें होतें. तिनें भराभर एक, दोन, तीन असे क्रमांक घालून आठ मांडण्या लिहावयास सुरुवात केली. बाप चहाचा कप हातांत घेऊन खिडकीबाहेर पाहत होता. तसाच बाहेर पाहत तो म्हणाला, "अग, कण एकसारखे आहेत का, तें आधीं वाच."